संजीवन सभा वेगळी, मंडळी सावरणं वेगळं

चर्चची, म्हणजे आमच्या भाषेत मंडळीची, हजेरी घसरली की तिचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, 'तीन दिवस संजीवन सभा ठेवू, बाहेरचा वक्ता बोलवू, मंडळी परत उभी राहील.' पुण्यात इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय हे की आता लिहूनच टाकते.

संजीवन सभा म्हणजे थंडावलेली श्रद्धा परत जागवायच्या सभा, जास्त सांगत बसत नाही, मांडव, फ्लेक्स, गायन, आवाहन, आपण सगळे त्यातच वाढलोय. उज्जीवन म्हणा नाहीतर रिव्हायवल, शब्दावरनं भांडायला नको. आणि मला या सभांबद्दल मनापासून आदर आहे, माझी आई अशाच एका सभेत बदलली.

पण सभेत बदलतो तो माणूस, मंडळी नाही. मंडळी खचते ती कशाने, तर दोन घराण्यांचं जुनं भांडण, वर्ष संपलं तरी वाचून न दाखवलेला हिशोब, लग्न होऊन वाघोलीला नाहीतर चिंचवडला गेलेली जोडपी ज्यांच्याकडे कोणी फिरकलंच नाही, शब्बाथशाळेला, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गाला, एकटी पडलेली बाई. शुक्रवारी रात्री रडून प्रार्थना केलेला मुलगा रविवारी याच सगळ्यात परत येतो, आणि दोन महिन्यांत गप्प होतो. आमच्याकडे सभा झाल्या तेव्हा खुर्च्या भाड्याने आणाव्या लागल्या होत्या, एवढी गर्दी. पुढच्या रविवारी त्याच खुर्च्या व्हरांड्यात थप्पी लावून टेंपोची वाट बघत होत्या आणि आत नेहमीचीच माणसं, नेहमीच्याच बाकांवर.

लगेच कोणीतरी केडगावचं उदाहरण देतं. तिथल्या मुक्ती मिशन या संस्थेतलं १९०५ चं संजीवन खरंच मोठं होतं, पण ते आलं कुठे ते बघा ना. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलीबायकांना आणून तिथे आधीच घर उभं केलं होतं, शाळा होती, कामं वाटलेली होती, आणि त्या जानेवारीपासून सत्तरेक जणी रोज प्रार्थनेला बसत होत्या, संजीवन आलं ते जूनच्या अखेरीस. आणि १९२२ मध्ये रमाबाई गेल्या तरी मुक्ती आजही चालू आहे. संजीवन देवाच्या हातात, त्याची तारीख आपण फ्लेक्सवर छापू शकत नाही. घर नीट लावणं मात्र आपल्याकडेच दिलंय, बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपल्या सहकाऱ्याला, तीताला, क्रेत बेटावर ठेवलं ते राहिलेल्या गोष्टी व्यवस्थित करायला आणि नगरोनगरी मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, नेमायला.

आणि इथे पाळकाचं, म्हणजे पास्टरचं, काम सुरू होतं. बायबलमधला नहेम्या शहराचा कोट परत बांधायला यरुशलेमला पोचला, तीन दिवस थांबला, मग रात्री निघून पडका कोट बघून आला, कोणाला काही न सांगता, आणि त्यानंतर लोकांशी बोलला. आपल्याकडे नवीन पाळक दुसऱ्याच रविवारी पेटी बाजूला सारून कीबोर्ड आणतात, ना. वा. टिळकांची भजनं बंद करून स्क्रीन लावतात, म्हणे तरुणांसाठी. मला हे अजिबात पटत नाही. तरुण भजनांमुळे गेले नाहीत, त्यांना कोणी विचारलं नाही म्हणून गेले.

आमच्याकडे एक पाळकसाहेब आले होते, पहिलं वर्षभर त्यांनी उपासनेत काहीच बदललं नाही. फक्त कपाटातलं जुनं हजेरी रजिस्टर घरी नेलं आणि ज्या नावांवर रेघ मारलेली त्या प्रत्येकाकडे गेले, स्कूटरवर, बरेचदा संध्याकाळी उशिरा. हिशोब दर तीन महिन्यांनी वाचायला लावला. भांडणाऱ्या दोन घरांत वेगवेगळे जेवले, मग एका ख्रिसमसला दोघांना एकाच टेबलावर बसवलं. हळूहळू बाकं भरायला लागली, तिसऱ्या वर्षी शब्बाथशाळेला तीन वर्ग करावे लागले.

एकदा हडपसरला मीही त्यांच्याबरोबर होते. त्यांनी 'सलाम आजी' म्हटलं, आजींनी आत घेतलं, पाणी दिलं आणि सरळ विचारलं, 'तुम्ही किती दिवस राहणार आहात?' त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, चौथ्या वर्षी बदली झालीच. म्हणून कमिटीला माझं एकच सांगणं, सभांच्या खर्चाआधी पाळकाची बदली थांबवायचा अर्ज मांडा.