शैक्षणिक अनुशेष (महाराष्ट्र)

शैक्षणिक अनुशेष : राज्याच्या सरासरीपेक्षा एखाद्या जिल्ह्यात शिक्षणाच्या सोयी जितक्या कमी आहेत ती तूट, आणि ती भरून काढण्यासाठी लागणारा निधी.

तुटीची मुळे राज्यनिर्मितीच्या आधीची आहेत. पश्चिम महाराष्ट्रात रयत शिक्षण संस्थेसारख्या (१९१९) संस्थांनी खेडोपाडी शाळा काढल्या. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथे उच्च शिक्षण उर्दूतून होते आणि महाविद्यालये अगदीच विरळ. औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये सुरू झाले, विद्यापीठ १९५८ मध्ये. खासगी अनुदानित शाळांचे वेतन अनुदान शाळा जिथे आहे तिथेच जाते. त्यामुळे संस्था आधी उभ्या राहिलेल्या भागाकडे सरकारी पैसा आपोआप वळत राहिला. त्यासाठी कुणी पक्षपात करण्याचीही गरज नव्हती.

मराठी भाषकांच्या एकत्रित राज्यासाठी विभागांच्या नेत्यांमध्ये २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च आणि व्यवसाय व शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थांत त्याच प्रमाणात प्रवेश हे तत्त्व मान्य झाले. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये १९५६ साली विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. मात्र शिक्षणापैकी त्यात नावानिशी उल्लेख आहे तो तंत्रशिक्षण व व्यवसाय प्रशिक्षणाचा. प्राथमिक शाळेचा नाही.

तूट प्रत्यक्ष मोजली ती अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने (१९८३-८४). रस्ते, सिंचन, आरोग्य यांच्या जोडीने सामान्य व तंत्रशिक्षणाचाही हिशेब तिने मांडला. एकूण अनुशेष सु. ३,१८६ कोटी रु. निघाला : विदर्भ ३९%, मराठवाडा २४%, उर्वरित महाराष्ट्र ३७%. जिल्हा हे एकक धरल्यामुळेच कोकणासारखा भाग दिसून आला. एरवी तो ‘उर्वरित’मध्ये झाकला गेला असता.

या पद्धतीला मर्यादा होत्या. वर्गखोली बांधली की तूट भरल्याची नोंद होते, खोलीत काय शिकवले जाते हे त्यात येत नाही. पटाच्या आधारे काढलेल्या निकषात शाळेबाहेरचे मूल तर मोजलेच जात नाही. शिवाय १९९४ ची पातळी धरून निर्देशांक व अनुशेष समितीने काढलेल्या सु. १४,००७ कोटी रु. अनुशेषात सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता. पुढचे राजकारण धरणे-कालव्यांभोवतीच फिरले, शिक्षण मागे पडले.

प्रवेशांतला समतोल साधण्याचा उपायही कधी उलटला. वैद्यकीय महाविद्यालयांत ७०% जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि ३०% राज्यभरासाठी अशी वाटणी होती. मराठवाड्यात महाविद्यालयेच कमी असल्याने तिथल्या विद्यार्थ्यांना ती जाचक ठरली. सप्टेंबर २०२० मध्ये ती रद्द झाली.

विकास मंडळे १ मे १९९४ पासून अस्तित्वात आली. वेळोवेळी मुदतवाढ मिळालेल्या या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यांच्या पुनर्स्थापनेचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला.