लिनक्सवरील डेस्कटॉप मांडणी

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट बसवून ते यंत्राच्या ताकदीला, भाषेला आणि वापरणाऱ्याच्या हाताला जुळेल असे लावून घेणे म्हणजे डेस्कटॉप मांडणी. संगणक सुरू झाल्यावर दिसणारे पॅनल, मेनू, विंडोंच्या चौकटी, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज, सूचना हे सगळे मिळून डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट होते. विंडोजमध्ये हा भाग ऑपरेटिंग सिस्टिमशी एकजीव असतो. लिनक्समध्ये तो सुटा आहे. तो काढता येतो, त्याजागी दुसरा बसवता येतो, किंवा एकाच यंत्रावर दोन ठेवून लॉगिन करताना हवा तो निवडता येतो.

पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम डेस्कटॉपच्या खालचा थर करतो. एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ पासून चालत आली. २००८ मध्ये सुरू झालेले वेलँड आता तिची जागा घेत आहे. लॉगिनचा पडदा जीडीएम, एसडीडीएम किंवा लाइटडीएम यांपैकी एक प्रोग्राम दाखवतो.

माथियास एट्रिख यांनी १९९६ मध्ये केडीई या डेस्कटॉपची घोषणा केली. केडीई ज्या क्यूटी टूलकिटवर (विंडो, बटणे घडवण्याच्या साहित्यावर) उभे होते त्याचा परवाना तेव्हा मुक्त नव्हता. त्यावर उत्तर म्हणून १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम हे दुसरे डेस्कटॉप हाती घेतले. हलके म्हणून ओळखले जाणारे एक्सएफसीईही १९९६ चेच. २०११ मध्ये ग्नोम ३ ने मेनू आणि पॅनलची जुनी ठेवण मोडली तेव्हा ती ठेवण सोडायला तयार नसलेल्यांनी ग्नोम २ पुढे चालवत माटे उभारले, तर लिनक्स मिंट या लिनक्स-वितरणाने सिनॅमन घडवले.

नागपुरात हा विषय बहुधा जुन्या यंत्रापासून सुरू होतो. बर्डीच्या बाजारातून घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप किंवा मोठ्या भावाचा कॉलेजातला संगणक चालू स्थितीत असतो, पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, जी जुन्या यंत्रात बहुधा नसते. अशा चार जीबी रॅमच्या यंत्रावर एक्सएफसीई घ्यावे. ग्नोम चालते, पण ब्राउझर उघडताच घुसमटते. आठ जीबी असतील तर सिनॅमन किंवा केडीई प्लाझ्मा खुशाल घ्यावे. विंडोजची सवय असलेल्याला दोन्हींत डाव्या कोपऱ्यातला मेनू ओळखीचा वाटतो.

निवडीत इथल्या उन्हाचाही विचार करावा लागतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या वर जातो. धुळीने चोंदलेला जुना पंखा प्रोसेसर थंड ठेवू शकत नाही, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि दोष डेस्कटॉपवर येतो. आधी पंखा साफ करावा. मग एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजर ट्विक्समध्ये जाऊन कंपोझिटर बंद करावा. सावल्या आणि पारदर्शकता जाते, पण कमजोर ग्राफिक्सच्या यंत्राला लगेच मोकळा श्वास मिळतो. (लॅपटॉप खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. ती हवा थंड असते तशी ओलीही असते.)

बसवणे सोपे आहे. पेनड्राइव्हवरून बूट करून आधी लाइव्ह पद्धतीने, म्हणजे डिस्कवर काही न बसवता, वायफाय, आवाज आणि पडद्याचा उजेड तपासून घ्यावा. डेबियन या लिनक्स-वितरणाच्या इन्स्टॉलरमध्ये डेस्कटॉपची यादी समोर येते, त्यात हवे त्यावर खूण करायची. आधीच चालू असलेल्या सिस्टिमवर पॅकेज मॅनेजरमधून दुसरा डेस्कटॉप घेता येतो. तेव्हा लॉगिन मॅनेजर कोणता ठेवायचा असा प्रश्न येतो. कोणताही ठेवला तरी चालते, कारण डेस्कटॉपची निवड लॉगिनच्या पडद्यावरच्या छोट्या चिन्हातून वेगळी होते. पॅकेजे बसताना लाइट गेली, आणि मृगाच्या आधीच्या वावटळीत ती जातेच, तर घाबरून सगळे पुसू नये. टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करायच्या विंडोतून) डीपीकेजी या पॅकेजे बसवणाऱ्या प्रोग्रामला अर्धवट राहिलेली पॅकेजे पुरी करायला सांगितले की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

पॅनल वर की खाली, घड्याळ बारा तासांचे की चोवीस, हे ज्याचे त्याने ठरवावे. खरे काम मराठीचे आहे, आणि बहुतेक मांडण्या तिथेच अपुऱ्या राहतात.

कीबोर्ड सेटिंग्जमध्ये इंग्रजीच्या जोडीला मराठी इन्स्क्रिप्ट ही कळपद्धत घालावी. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला असतात. टायपिंगच्या क्लासला टायपरायटरची रेमिंग्टन पद्धत शिकलेल्यांसाठी आणि गमभनची (रोमन कळांवर उच्चाराप्रमाणे लिहिण्याची) सवय असलेल्यांसाठी आयबस व एम१७एन या टायपिंगच्या प्रोग्रामांच्या जोडीत त्या पद्धतीही मिळतात. मांडणी नीट झाली की नाही हे पाहायला ‘आचाऱ्यांना’ हा शब्द लिहून पाहावा. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून ‘जे’ची (J) कळ दाबली की ऱ येतो, डी दाबून त्याचा पाय मोडायचा, मग स्लॅशच्या कळीवरचा य. शिफ्ट राहून गेले तर साधा र येतो, रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो आणि ‘आचार्यांना’ असे उमटते. पंगतीत वाढण्याची सूचना स्वयंपाक करणाऱ्यांऐवजी गुरुजींना जाते. ळ शिफ्ट आणि एन वर आहे.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या वळणाची. नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती, शहरात हिंदी घरोघरी चालते, आणि यंत्र लावून देणारा माणूस देवनागरी म्हटल्यावर सवयीने हिंदी निवडतो. अक्षरे तर उमटतात, पण ल आणि श हिंदी वळणाचे. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले की मराठी ल, मराठी श आपोआप येतो. म्हणून लिबरऑफिस या ऑफिस-प्रोग्रामच्या पर्यायांत कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची भाषा हिंदी असेल तर ती बदलून मराठी करावी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले आणि रेड हॅटने मुक्त केलेले लोहित देवनागरीही हाताशी ठेवावे. हे एवढेसे वाटते, पण ज्याने शाळेत मराठी वळण गिरवले त्याला पान पाहताच फरक खटकतो, आणि खटकलाच पाहिजे.

संपूर्ण डेस्कटॉपची भाषाच मराठी करावी का, यावर मतभेद आहेत. मेनूंचा अनुवाद सगळीकडे पूर्ण नाही, त्यामुळे अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी असे चित्र दिसते. टर्मिनलमध्ये जोडाक्षरे बरेचदा विस्कटतात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या खात्याला मराठी मेनू जरूर द्यावेत. प्रोग्रामिंग करणाऱ्याने मेनू इंग्रजीत ठेवून लिहिण्याची सोय तेवढी मराठी करावी.

या सगळ्या सेटिंग्ज बहुतांशी होम फोल्डरमधल्या कॉन्फिग नावाच्या लपलेल्या फोल्डरात राहतात. तो उचलून पेनड्राइव्हवर ठेवला तर नव्या यंत्रावर तोच डेस्कटॉप घेऊन आपली मांडणी पुष्कळशी परत मिळते. जुन्या डीटीपीच्या फायली मात्र यात येत नाहीत. प्रेसमधून आलेली लग्नपत्रिका किंवा जुना ले-आउट युनिकोडपूर्व (युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामाईक संकेतपद्धत) फॉन्टमध्ये असेल, तर लिनक्सवर त्यात रोमन अक्षरांची गिचमिड दिसते. डेस्कटॉप कितीही नीट लावला तरी ती सुटत नाही. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.