सुकाणू धरणाऱ्याचं नाव

आयरिश भाषेत कंपनीचा संचालक आणि सिनेमाचा दिग्दर्शक या दोघांनाही ‘श्तूरहोर’ म्हणतात. त्यातला ‘श्तूर’ म्हणजे सुकाणू. आपण ‘सुकाणू समिती’ नेमतो, तशातलाच हा प्रकार. पण श्तूर मूळचा आयरिश नाही. तो व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून आला.

795 पासून व्हायकिंग आयर्लंडचा किनारा लुटू लागले आणि 841 मध्ये त्यांनी डब्लिनला जहाजांचा तळ ठोकला. त्यांचं सुकाणू म्हणजे नाळेजवळ नव्हे, तर मागच्या अंगाला उजव्या कडेवर बांधलेलं रुंद पात्याचं वल्हं. वर आडवा दांडा असे. तो ओढला किंवा लोटला की पाण्यातलं पातं वळायचं आणि जहाज तोंड फिरवायचं. लुटारू पुढे शेजारी झाले, सोयरे झाले. शिडाचा दोर ‘स्कोद’, होडीतली बसायची फळी ‘तोख्ता’ हेही शब्द त्यांचेच. नांगराला लॅटिनवरून घेतलेला ‘इंगोर’ आधीपासून होता, तरी नॉर्स शब्दानं त्याला मागे सारलं. असे शब्द एका होडीत खांद्याला खांदा लावून राबल्याशिवाय तोंडी बसत नाहीत, असं मला वाटतं.

हुद्द्यांचं तसं नाही, ते बरेचसे इंग्रजांमार्फत आले. ‘कापतेन’ (कॅप्टन) आणि ‘बोसन’ (खलाशांचा मुकादम, इंग्रजीतही बोसनच) ऐकताच ओळखू येतात. आयर्लंडचं आजचं नौदल 1946 चं. त्यातला कमांडर मात्र ‘क्यानसी’, म्हणजे ‘क्यान’ या अस्सल आयरिश शब्दापासून घडलेला. क्यान म्हणजे डोकं. गंमत अशी, की कॅप्टनच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘कापुत’चा अर्थही डोकंच! साधा खलाशी ‘मार्नेलख’, हा शब्द नॉर्मन फ्रेंचांकडचा. दर्यावर्दीला जुना शब्द ‘लिंशख’. तो आडनावात टिकलाय : आयर्लंडचे माजी पंतप्रधान जॅक लिंच यांचं आयरिश आडनाव ओ लिंशी, म्हणजे दर्यावर्द्याचा वंशज.

या लिंशखमधला जहाजवाचक ‘लुंग’सुद्धा बहुतेक अभ्यासक लॅटिनचाच मानतात. मग आयरिशचं स्वतःचं काय? प्राचीन आयरिशमध्ये होडीला ‘नाउ’ म्हणत. संस्कृत ‘नौ’ आणि आपली ‘नाव’ याच कुळातली. नैऋत्य आयर्लंडमधल्या केरीच्या किनाऱ्यावरच्या ‘नेवोग’ या होडीच्या नावात तोच शब्द असल्याचं मानतात. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर फासलेलं कापड ताणलं की नेवोग तयार. ती इतकी हलकी, की तीन-चार माणसं तिला उलटी करून डोक्याखांद्यावर घेतात आणि पाण्यापर्यंत चालत नेतात.