एकच रोप: पेटलादची बिडी आणि क्युबाचा सिगार

बडोद्याहून निघून वासदला मही नदी ओलांडली की चरोतर हा सुपीक पट्टा सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीत बोरसद-पेटलादच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी रुंद पानांची, शेंडा खुडलेली रोपं उभी असतात. पेटलाद तालुका पूर्वी बडोदा संस्थानात होता, तर शेजारचं आणंद आणि नडियाद इंग्रजांच्या खेडा जिल्ह्यात. राज्यं दोन असली तरी गोराडू, म्हणजे रेताड पोयट्याची, माती दोन्हीकडे तीच आणि तिच्यातली तंबाखूही तीच. ही तंबाखू मुख्यतः बिडीत जाते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात हीच प्रजाती, निकोटियाना टबॅकम, क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतात वाढते आणि तिचा हाताने वळलेला एकेक सिगार हजारो रुपयांना जातो.

विकणारे ह्याचं श्रेय माती, हवा आणि कारागिराची बोटं ह्यांना देतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. तंबाखूचं हिरवं पान चुरगळून हुंगलं तर उग्र, गवताळ वास येतो. शौकीन लोक ज्या मधाच्या, चामड्याच्या, कोकोच्या छटा सांगतात त्यांचा त्यात मागमूस नसतो. ते सगळं पान तोडल्यावर, पुढच्या कित्येक महिन्यांत तयार होतं आणि ते घडवण्याचं बरंचसं काम करतं कुजणं. अर्थात लगाम घातलेलं कुजणं. मी स्वतः ओढत नाही आणि हा लेख वाचून कुणी ओढू लागावं अशी इच्छाही नाही. पण एका पानाच्या पोटात इतकं रसायनशास्त्र सहसा सापडत नाही.

चरोतरात बिडीच्या तंबाखूची रोपं कापून शेतातच उन्हात वाळवतात, मग पानांचा चुरा करून खळीत, म्हणजे तंबाखू साफ करण्याच्या आवारात, चाळतात. उन्हात पान लवकर मरतं. सिगारच्या पानाला असं लवकर मरू देत नाहीत. पानं खालून वर, एका वेळी दोन-तीन अशी तोडतात, दोऱ्यात ओवून काठीवर टांगतात आणि हवा खेळती असलेल्या अंधाऱ्या लाकडी कोठारात दीड-दोन महिने ठेवतात. पहिले काही दिवस पानातल्या पेशी जिवंतच असतात. रोपाकडून पाणी आणि अन्न येणं बंद झालेलं असतं, त्यामुळे त्या साठवलेल्या पिठूळ पदार्थाची साखर करतात आणि तीही खाऊन संपवतात. प्रथिनं तुटून अमिनो आम्लं होतात. हरितद्रव्य मोडतं आणि त्याच्याखाली झाकलेला कॅरोटीनॉइडांचा पिवळा रंग वर येतो. शेवटी पेशींची आवरणं फुटतात आणि आतापर्यंत वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली दोन द्रव्यं एकमेकांना भेटतात: पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर आणि क्लोरोजेनिक आम्ल. पान तपकिरी होतं. भरीतासाठी आणलेलं वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तीच ही क्रिया. वांगं आणि तंबाखू एकाच कुळातली भावंडं आहेत आणि दोघांतही हे आम्ल भरपूर असतं.

सिगारेटची व्हर्जिनिया तंबाखू मात्र भट्टीच्या गरम हवेत पाच-सात दिवसांत वाळवतात. पेशींना साखर खायला वेळच मिळत नाही, म्हणून त्या पानात दहा ते वीस टक्के साखर शिल्लक राहते. सिगारच्या पानात ती जवळपास शून्य असते. हा फरक लक्षात ठेवावा. पुढे धूर ओढणाऱ्याच्या तोंडात त्याचा हिशेब होतो.

खरी गंमत मात्र ढिगात आहे. वाळलेली पानं किंचित ओली करून, एकावर एक रचून त्यांचे मोठे ढीग लावतात. काही दिवसांतच ढीग आपोआप तापू लागतो, कारण पानावरचे जिवाणू कामाला लागलेले असतात आणि पानातली काही विकरंही अजून शाबूत असतात. संशोधकांना अशा ढिगांत बॅसिलस आणि स्टॅफिलोकॉकस ह्या गटांतले जिवाणू वारंवार सापडले आहेत. ढिगाच्या पोटात तापमापक खुपसून ठेवलेला असतो. पारा पन्नास अंशांच्या आसपास गेला की ढीग मोडायचा, आतली पानं बाहेर, बाहेरची आत करायची आणि पुन्हा रचायचा. नाजूक पानांना इतकं तापू देत नाहीत. जाड, तेलकट पानं मात्र जास्त उष्णता सहन करतात आणि त्यांना वेळही जास्त लागतो. हे महिनोन् महिने चालतं. अमिनो आम्लं मोडून अमोनिया सुटतो, आणि तो इतका की नवख्याच्या डोळ्यांना पाणी येतं. निकोटीनही काही प्रमाणात घटतं. पानाचा करकरीत तिखटपणा जातो तो इथे.

ह्याच काळात सुगंध जन्माला येतात. कॅरोटीनॉइडांचे चाळीस कार्बनचे लांबलचक रेणू तुटतात आणि तेरा कार्बनचे छोटे, हवेत उडणारे तुकडे होतात. त्यातला बीटा-डॅमॅसेनोन पहिल्यांदा सापडला तो बल्गेरियातल्या गुलाबाच्या तेलात. पाण्यात एक लाख कोटी भागांत दोनेक भाग एवढा असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. बीटा-आयोनोन व्हायोलेटच्या फुलांच्या वासातही असतो. तंबाखूच्या पानावर बारीक लव असते आणि तिच्या टोकाशी चिकट राळ साठते. तोडणी करणाऱ्यांचे हात तिने काळे होतात. त्या राळेतले मोठे रेणू मोडून सोलॅनोन नावाचं द्रव्य तयार होतं, त्याला तंबाखूचा स्वतःचा असा वास असतो. कोको आणि भाजल्या कॉफीची छटा मुख्यतः पेटवल्यावर येते: नायट्रोजनयुक्त पदार्थ तापून पायराझिनं होतात आणि ती कोकोत, कॉफीतही असतात. म्हणजे ‘मला ह्यात कॉफी लागते’ म्हणणारा प्रत्येक जण शेखी मिरवत असतो असं नाही. काही जण मिरवतात, हेही खरं.

रोपावर पान कुठे होतं ह्यालाही महत्त्व आहे. निकोटीन मुळांत तयार होतं आणि पाण्याबरोबर वर चढतं. शेंडा खुडला की फुलाबियांकडे जाणारी ताकद पानांत येते आणि निकोटीनही वाढतं. चरोतरातला शेतकरी शेंडा खुडतो तो ह्याचसाठी. वरची पानं ऊन जास्त खातात, जाड आणि जोरकस होतात, सावकाश जळतात. खालची पातळ, सौम्य आणि पटकन पेट घेणारी. क्युबात ह्यांना वरून खाली लिगेरो, सेको आणि वोलादो म्हणतात. सिगारच्या पोटात ह्या तिघांचं मिश्रण असतं. त्याभोवती बांधणीचं मजबूत पान आणि सर्वांत बाहेर वेष्टनाचं पान येतं. हे बाहेरचं पान सगळ्यांत महाग. बऱ्याचदा ते शेतावर कापडाचा मांडव घालून वाढवतात, म्हणजे सावलीत पान पातळ, रुंद आणि मऊ होतं. आपल्याकडे पश्चिम बंगालमधलं दिनहाटा अशा वेष्टनाच्या पानासाठी, आणि तमिळनाडूतलं तिरुचिरापल्ली-दिंडीगुल चिरुटांसाठी ओळखलं जातं.

वळणाऱ्या कारागिरासमोर हत्यारं फारशी नसतात: एक पाट, अर्धचंद्राकृती पातं, थोडा वनस्पतिजन्य डिंक आणि लाकडी साचा. पानाची मधली शीर काढून टाकतात. मग एकेक पान लांबीच्या दिशेने दुमडत किंवा नळीसारखं वळत जुडी बांधतात. सावकाश जळणारं लिगेरो मध्यभागी ठेवायचं, नाहीतर सिगार एकसारखा जळत नाही. सगळ्यात अवघड काम आहे ते पानांमध्ये हवेच्या वाटा शिल्लक ठेवण्याचं. अरुंद नळीतून वाहणारी हवा नळीच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. वाट निम्मी अरुंद झाली की तेवढ्याच ओढीला हवा सोळावा हिस्साच येते. म्हणून जुडी जराशी जास्त दाबली गेली की सिगार ओढला जात नाही, आणि सैल राहिली की भरभर जळून कडवट होतो. हल्ली कारखान्यांत ही ओढ मोजायला यंत्र असतं, पण ते चूक झाल्यावर सांगतं; होऊ न देण्याचं काम बोटांचंच. वेष्टनाचं पान मधून कापून दोन भाग करतात आणि डाव्या अर्ध्याची वळणी उजव्याच्या उलट दिशेने करतात, म्हणजे शिरा सिगारच्या लांबीला धरून बसतात. निष्णात कारागीर दिवसाला शंभराच्या आसपास सिगार वळतो. हात गुंतलेले आणि डोकं मोकळं, म्हणून हवानाच्या कारखान्यांत 1865 पासून कामगारांना वर्तमानपत्रं आणि पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायला वाचक नेमण्याची प्रथा पडली. त्याचा पगार कामगार आपसात वर्गणी काढून देत. मला ह्या सगळ्या उद्योगातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. 42 नंबरचा सिगार म्हणजे 42 चौसष्टांश इंच, सुमारे 16.7 मिलिमीटर. 56 नंबर म्हणजे 22.2. जाडी एक तृतीयांशाने वाढली, तर वेष्टनाचा घेरही तेवढाच वाढतो. पण आतला ऐवज जवळपास पावणेदोनपट होतो. त्यामुळे बारीक सिगारमध्ये त्या महागड्या बाहेरच्या पानाची चव जास्त लागते आणि जाड सिगारमध्ये पोटातल्या मिश्रणाची. जाडजूड सिगार मिरवणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो.

ओढताना टोकावरचा निखारा आठ-नऊशे अंशांपर्यंत तापतो. त्याच्या लगेच मागच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथे पान जळत नाही, नुसतं तापून मोडतं आणि त्यातले उडणारे पदार्थ धुराबरोबर पुढे जातात. त्यातले काही थंड भागात पानांवर पुन्हा बसतात. निखारा तिथे पोचला की ते दुसऱ्यांदा उडतात, म्हणून सिगार शेवटाकडे तिखट होत जातो. घाईघाईने ओढला की निखारा जास्त तापतो आणि नाजूक सुगंध जळून जातात. पान नीट धुमसत राहण्यात पोटॅशियमचा मोठा हात असतो, आणि क्लोराइड जास्त झालं की ते विझू पाहतं. म्हणून तंबाखूला पोटॅश द्यायचं तर म्युरिएट, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, टाळून सल्फेट देतात. खताच्या गोणीवरची निवड अशी थेट राखेपर्यंत पोचते.

सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते. बडोद्याची हवा त्याच्या मुळावरच उठलेली. माझ्या मामांना कुणीतरी परदेशातून आणून दिलेली पेटी त्यांनी दांडिया बाजारातल्या घरात कपाटावर ठेवली होती. मे महिन्यात उघडली तर सगळ्यांच्या अंगावर भेगा. “नकली दिलेत रे कुणीतरी,” मामा म्हणाले. “नाही मामा, उन्हाळा खरा आहे,” असं मी म्हटलं खरं, पण त्यांना ते पटलं नाही. आपल्याकडे मेच्या दुपारी हवा कोरडीठाक होते, पान आकसतं आणि पातळ वेष्टन आधी फाटतं. श्रावणात उलट, बुरशी. म्हणून ठेवायला सेड्रेला ओडोराटा ह्या लाकडाची पेटी वापरतात, ती ओलावा शोषते आणि सावकाश परत देते. हे झाड कडुनिंबाच्या कुळातलं आहे. त्याचा भारतीय नातलग म्हणजे तूण, आणि तूणाच्या लाकडाच्याही अशा पेट्या होत.

उष्णता वाढली की आणखी एक पाहुणा येतो: लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने हा तांबूस, दोन-तीन मिलिमीटरचा भुंगा. हळदीच्या, धण्यांच्या डब्यात सापडतो तोच. निकोटीन हे मुळात झाडाचं कीटकनाशक, आणि हा गडी ते पचवून त्याच पानात अंडी घालतो. त्याच्या आतड्यालगत राहणारी यीस्टसारखी बुरशी त्याला जीवनसत्त्वं पुरवते, त्यामुळे इतक्या निकृष्ट अन्नावरही त्याचं भागतं. उपाय म्हणून कारखाने सिगार काही दिवस गोठवून ठेवतात.

आता साखरेचा हिशेब. साखर असलेल्या सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो. साखर नसलेल्या आणि अमोनिया असलेल्या सिगारचा धूर अल्कलीकडे झुकतो, त्याचा पीएच आठाच्या आसपास किंवा वर जाऊ शकतो. पीएच आठला निकोटीनचे साधारण निम्मे रेणू मोकळ्या, विद्युतभार नसलेल्या रूपात असतात आणि ते गालाच्या अस्तरातून सरळ रक्तात उतरतात. पीएच सहाला हे प्रमाण टक्काभर. म्हणून सिगारवाला धूर छातीत न घेताही त्याला हवं ते मिळतं, आणि म्हणूनच ‘मी आत ओढत नाही’ हा बचाव लंगडा पडतो: तोंड, घसा आणि अन्ननलिका ह्यांना धुराचा पूर्ण मारा बसतो आणि तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. ओल्या पानाला नुसता हात लावला तरी निकोटीन कातडीतून शिरतं. गुजरातमधल्या तंबाखू-मजुरांना त्यामुळे होणारी मळमळ, चक्कर आणि डोकेदुखी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने अभ्यासली आहे.

शिवाय ढिगातले जिवाणू सुगंधच तेवढे करत नाहीत. पानातल्या नायट्रेटचं ते नायट्राइट करतात आणि नायट्राइट निकोटीनशी व त्याच्या भावंडांशी जुळून नायट्रोसमाइनं तयार होतात. त्यातली एनएनके आणि एनएनएन ही दोन माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत पहिल्या गटात आहेत. महिनोन् महिने निगुतीने उलथापालथ केलेल्या ढिगात ती वाढतात. कारागिरी कितीही उंची असली तरी ती वेगळी काढता येत नाहीत. स्वीडनमध्ये ओठाखाली धरायची स्नुस नावाची तंबाखू बनवताना ती वाफेने तापवून जिवाणू मारून टाकतात, त्यामुळे तिच्यात ही द्रव्यं कमी असतात. निरुपद्रवी अर्थात तीही नाही. सिगारच्या पानाला हा मार्ग बंद आहे. जिवाणू आधीच मारले तर ढीग तापणार नाही, अमोनिया निघून जाणार नाही आणि हातात उरेल ते सुकलेलं, तिखट, गवताळ वासाचं पान. ते कुणी हजारो रुपये देऊन घेणार नाही.