हायडेलबर्गला रात्रीचा मुक्काम का? बुकिंग करायच्या आधी एवढं वाचा

आमच्या जर्मनी-स्वित्झर्लंड ग्रुपची चौकशी करायला येणारी जवळपास प्रत्येक फॅमिली विचारते, की हायडेलबर्गला मुक्काम कशाला, फ्रँकफर्टहून तासाभराचा तर रस्ता आहे, दोन तासांत किल्ला बघून पुढे ब्लॅक फॉरेस्ट गाठू, तेवढेच हॉटेलचे पैसे वाचतील. फोनवर सगळ्यांना तेच तेच सांगतोय, म्हणून आता लिहूनच देतोय.

दोन तासांत काय होतं, तर दोरीच्या रेल्वेनं वर जायचं, दोन लाख लिटरहून जास्त वाइन मावेल असं 1751 सालचं लाकडी पिंप बघायचं, फोटो काढायचे, खाली येऊन पळत बस पकडायची. आणि मग बसमध्ये बसल्यावर लोक म्हणतात, किल्ला तर पडकाच होता की! अहो, किल्ल्यात उभं राहून किल्ला दिसणार कसा? तो बघायचा नेकार नदीच्या पलीकडून, फिलॉसॉफेनवेग नावाची डोंगरातली पायवाट आहे तिथून. किल्ला उत्तरेकडच्या उतारावर आहे त्यामुळे सकाळी बराचसा सावलीत असतो, उन्हाळ्यात संध्याकाळचं ऊन आलं की त्याचा लाल दगड असा काही उजळतो की बघत राहावं. दुपारी निघून गेलेल्या माणसाला हे मिळतच नाही.

आता पडका का, तर 1689 आणि 1693 मध्ये फ्रेंच सैन्यानं तो सुरुंग लावून उडवला, 1693 ला तर सगळं गावच जाळलं. पुढे 1720 मध्ये इथल्या राजानं राजधानी मानहाइमला हलवली, 1764 ला डागडुजी चालू असताना वीज पडली, आणि मग लोक घरं बांधायला इथले दगड न्यायला लागले. ते थांबवायला पुढे आला तो ग्राइमबर्ग नावाचा एक फ्रेंच सरदारच. 1900 च्या सुमारास एक महाल नीट केला, बाकीचे मुद्दाम तसेच ठेवले, नवं बांधून जुनं म्हणून दाखवायचं नाही म्हणून. चौकात उभं राहून ओटहाइनरिश महालाच्या वरच्या खिडक्यांकडे बघा, सगळे पुतळे, नक्षी जागेवर आणि खिडकीतून थेट आभाळ दिसतं. बाहेर खंदकाशी जो बुरूज दुभंगलाय, त्याचा अर्धा भाग फ्रेंचांच्या सुरुंगानं कोसळला तो अजून तसाच पडलाय. मला विचाराल तर हे बांधून काढलं असतं तर निम्मी मजा गेली असती.

गाव जळालं तरी गल्ल्या जुन्याच राहिल्या, त्यांच्यावर नवी घरं उभी राहिली. 1592 चं 'त्सुम रिटर' हे घर मात्र त्या आगीतून वाचलं, चर्चच्या समोरच आहे, चुकवू नका. जुना दगडी पूल 1788 चा, मार्च 1945 मध्ये माघार घेताना जर्मन सैन्यानंच तो उडवला आणि लोकांनी 1947 पर्यंत परत उभा केला.

विद्यापीठ 1386 चं, आजच्या जर्मनीतलं सगळ्यात जुनं. तिथं विद्यार्थ्यांचा तुरुंग होता, 1914 पर्यंत चालू होता, दंगा केला की आत, पण लेक्चरला सोडायचे! भिंती-छत सगळं त्या पोरांच्या चित्रांनी, नावांनी भरलंय, आमच्या ग्रुपमधली मुलं तिथून हलत नाहीत. आणि खंडोबा, धनगर, जेजुरी यांवर आयुष्यभर काम केलेले गुंथर सोन्थायमर याच विद्यापीठात शिकवायचे, हे सांगितलं की मराठी माणसाला हे गाव एकदम जवळचं वाटतं.

म्हणून आम्ही हॉटेल जुन्या गावातच घेतो, थोडं महाग पडतं हे मान्य, पण संध्याकाळी डे-ट्रिपवाल्यांच्या बस गेल्या की पूल चालत पाच-दहा मिनिटांवर. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी फिलॉसॉफेनवेगचा चढ चढू नये, पलीकडच्या काठावरच्या बाकांवरूनही किल्ला छान दिसतो, तिथं आमचा माणूस सोबत थांबतो. रस्ते सगळे दगडी, त्यामुळे स्पोर्ट्स शूजच आणा. रविवारी दुकानं बंद, खरेदी शनिवारीच उरका.

आमच्याबरोबर न येता स्वतःच जाणार असाल तरी एक लक्षात ठेवा, मेन स्टेशन जुन्या गावापासून बरंच लांब आहे, लोक तिथं उतरून बॅगा ओढत चालत सुटतात. लोकल ट्रेननं 'आल्टश्टाट' स्टेशनला उतरा. नुसतं हॉटेल आणि किल्ल्याचं तिकीट हवं असेल तर तेही करून देतो, फक्त तारखा आधी कळवा.