उघडी फळी की बंद खोका : वूफरच्या निवडीमागची पार्श्वभूमी

नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली. पुढे बरीच वर्षं आपल्या गावांतल्या घरांनी ऐकला तो उघड्या पाठीचाच स्पीकर. व्हॉल्व्ह रेडिओच्या लाकडी कॅबिनेटला मागे भोकांचा पुठ्ठा असे, बस. आतल्या स्पीकरचा मॅग्नेट लहान, त्यामुळे क्यूटीएस चढा. क्यूटीएस म्हणजे कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) त्याच्या रेझोनन्सवर, म्हणजे ज्या सुरावर तो आपसूक घुमतो तिथे, किती मोकाट सुटतो त्याचा आकडा; चढा म्हणजे लगाम कमी. उघड्या पाठीला तोच मानवतो.

१९५४ मध्ये अमेरिकेत मऊ सस्पेन्शनचा (कोनला धरून ठेवणारी लवचीक कड) वूफर, म्हणजे खालच्या सुरांचा स्पीकर, हवाबंद पेटीत बसवला गेला आणि आतल्या हवेकडून स्प्रिंगचं काम करून घेतलं. ही बांधणी वॅट फार खाते. ते ट्रान्झिस्टरने पुरवले. ऑस्ट्रेलियात १९६१ ला मांडलेलं पोर्टवाल्या (हवेला भोक ठेवलेल्या) खोक्याचं गणित १९७१ मध्ये पुन्हा छापलं गेलं, पाठोपाठ बंद खोक्याचंही आलं, आणि तेव्हापासून माणसं आकडे पाहून वूफर घेऊ लागली.

बंद खोक्याचा हिशेब सरळ आहे. क्यूटीएस ०.४, व्हीएएस (सस्पेन्शनइतकीच स्प्रिंग देणारी हवा) ६० लिटर असलेला वूफर २८ लिटरच्या खोक्यात टाकला की खोक्यासकटचा क्यू ०.७१ होतो आणि रेझोनन्स ३० वरून ५३ हर्ट्झवर जातो. खोका लहान केला तर दोन्ही आणखी चढतात. मुळातच ०.८ असलेला वूफर कुठल्याही बंद खोक्यात खाली येत नाही. गावातले माठाचे स्पीकर ऐका : गाडीतून काढलेला सहा इंची, माठाच्या तोंडाला एम-सीलने चिकटवलेला. खंजिरी भजन लावलं की खालचा एकच सूर घुमत राहतो आणि बोटांचे ठोके त्यात बुडतात.

अशा अनुभवांतून जड मॅग्नेट, कमी क्यू म्हणजे भारी माल हे समीकरण पक्कं झालं. उघड्या फळीचा, म्हणजे खोक्याऐवजी नुसत्या फळीवर पाठ उघडी ठेवून बसवलेल्या वूफरचा, वाद इथेच पेटतो. एक बाजू म्हणते, क्यूटीएस ०.७ च्या वरच हवा. त्यात तथ्य आहे : रेझोनन्सवर ०.४ चा वूफर ८ डेसिबल खाली असतो, ०.८ चा फक्त २. दुसरी बाजू म्हणते, ती तूट इक्वलायझरने भरता येते, आणि माझ्या मते आजच्या घडीला तिचंच म्हणणं जास्त पटतं. तेवढाच आवाज काढायला तेवढ्याच आकाराच्या कोनला तेवढंच हलावं लागतं, क्यू काहीही असो. फरक पडतो तो वॅटमध्ये, आणि वॅट आता स्वस्त आहेत. न भरता येणारी तूट वेगळी आहे. मागची लाट पुढच्या लाटेला खाते. दोन्हींच्या वाटेत अर्ध्या मीटरचा फरक असेल तर साधारण ११५ हर्ट्झखाली उतार लागतो आणि ४० हर्ट्झवर ९ डेसिबल जातात. ते भरायला कोन जवळपास तिप्पट हलवावा लागतो. म्हणून मॅग्नेटच्या आधी कोनचं क्षेत्रफळ आणि एक्समॅक्स (कोन आवाज न बिघडवता किती हलू शकतो तो आकडा) पाहावं. पंधरा इंची वूफर आठ इंचीच्या जवळजवळ चौपट हवा ढकलतो.

कवेलूच्या घरात, जिथे छपराच्या फटींतून हवा खेळते, बंद खोक्याला खोलीकडून मिळणारी खालच्या सुरांची भर फारशी मिळत नाही. तिथे सागवानी किंवा प्लायची रुंद फळी आणि पंधरा इंची वूफर घ्यावा. मात्र फळीमागे भिंतीपर्यंत मीटरभर मोकळी जागा लागते. स्लॅबच्या दहा बाय दहाच्या खोलीत ती निघत नाही, तिथे ०.४ चा वूफर आणि बंद खोकाच बरा.