‘अपुऱ्या दिवसांचं बाळ’ या नोंदीखाली काय दडतं?

समजा, बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं 1,400 ग्रॅमचं बाळ तिसऱ्या दिवशी दगावलं. केसपेपरवर कारण लिहिलं जातं, ‘अपुऱ्या दिवसांचं बाळ’. नोंद खोटी नाही, पण ती वाचून कुणाला काही करता येत नाही. तोच केसपेपर पुन्हा उघडला तर नवजात कक्षात आणतानाचं तापमान दिसतं, 34.8 अंश सेल्सियस. हवं होतं 36.5 ते 37.5. बाळ गार का पडलं? प्रसूतिकक्षात पंखा सुरू होता, वॉर्मर (बाळाला ऊब देणारं उपकरण) बाळ जन्मल्यावर लावला आणि ओलं फडकं बदललंच नाही. आता दुरुस्त करण्याजोगं काही हाती लागलं. क्लिनिकल ऑडिट म्हणतात ते हेच.

2022 साली जगात सुमारे 23 लाख बाळं पहिल्या 28 दिवसांत दगावली. अपुरे दिवस, जन्मताना गुदमरणं आणि जंतुसंसर्ग ही त्यातली मोठी कारणं. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये अशा मृत्यूंच्या ऑडिटच्या सहा पायऱ्या सांगितल्या: मृत्यू शोधणं, माहिती गोळा करणं, विश्लेषण, उपाय सुचवणं, ते अमलात आणणं आणि परिणाम तपासणं.

गळती पहिल्याच पायरीवर सुरू होते. जन्मल्यावर काही मिनिटं हृदयाचे ठोके असलेलं बाळ ‘मृत जन्मलं’ असं लिहिलं गेलं, तर ते नवजात मृत्यूंच्या यादीत येतच नाही. म्हणून प्रसूतिकक्ष, शस्त्रक्रियागृह आणि नवजात कक्ष यांची रजिस्टरं एकमेकांशी ताडून पाहावी लागतात.

ऑडिटच्या बैठकीत डॉक्टर-परिचारिकांची नावं घ्यायची नाहीत. शिस्तभंगाची चौकशी इथे मिसळली, की पुढच्या महिन्यापासून केसपेपर संशयास्पद नीटनेटके येऊ लागतात. मात्र खरेदीवर सही करणारा माणूस बैठकीत हवाच. नाहीतर ठराव फाइलमध्येच राहतो.

सगळ्यात निरुपयोगी ठराव म्हणजे ‘कर्मचाऱ्यांनी दक्षता घ्यावी’. त्याऐवजी असं लिहावं: प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला अमुक परिचारिकेने 0 आणि 1 नंबरचे मास्क व श्वास देण्याची बॅग तपासावी. मास्क तळहातावर घट्ट दाबून बॅग पिळायची. हाताला दाब जाणवला पाहिजे, सोडल्यावर बॅग पुन्हा फुगली पाहिजे. धुतल्यावर झडप चुकीची बसवली, तर ही बॅग ऐन वेळी दगा देते.

छोट्या रुग्णालयात महिन्याला मृत्यू मोजकेच, त्यामुळे त्यांचा आकडा उगाच वरखाली होतो. तिथे बाळांची काळजी कशी घेतली तेच मोजावं. सलग 30 केसपेपर काढायचे आणि दाखल होताना किती बाळांचं तापमान 36.5 च्या वर होतं ते पाहायचं. जन्मल्यावर न रडलेल्या बाळांचे केसपेपर वेगळे काढून त्यांतल्या किती जणांना पहिल्या मिनिटात बॅगने श्वास दिला ते मोजायचं. बदल केल्यावर तीन महिन्यांनी तेच पुन्हा. (भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ नसेल, तर ‘पहिल्या मिनिटात’ ही नोंद अंदाजपंचेच असते.)

बाहेरून पाठवलेली गंभीर बाळं वाढली, तर काळजी सुधारूनही मृत्युदर चढतो. म्हणून इथे जन्मलेली आणि बाहेरून आलेली बाळं वेगळी मोजायची. त्यातही 1,000 ग्रॅमच्या आतली, 1,000 ते 1,499, 1,500 ते 2,499 आणि 2,500 पासून पुढची, असे चार रकाने ठेवायचे.